पाच ग्रॅमचं खोटं आमिष: कृष्णा-कोयनेत लूअर फिशिंग कसं चालतं आणि कुठे थांबायचं?

पंधरा सेकंदांची रील. नदीतल्या काळ्या खडकावर उभा असलेला एक जण, हातात काडीसारखा बारीक रॉड. तो काहीतरी चमकणारं लांब फेकतो, रीळ फिरवतो आणि अचानक रॉड अर्धगोल वाकतो. पुढच्या सेकंदाला हातात मासा, चेहऱ्यावर हसू आणि मागे जोरात गाणं.

या प्रकाराला ‘लाइट लूअर फिशिंग’ म्हणतात. परदेशात समुद्रकिनारी खडकांवरून अशी मासेमारी करणं हा जुना छंद आहे. सातारा आणि सांगलीला समुद्र नाही. पण सह्याद्रीचा काळा कातळ आहे आणि त्यावरून वाहणाऱ्या कृष्णा, कोयना, वारणा या नद्या आहेत. त्यामुळे हा छंद इथेही करता येतो.

पण रीलमध्ये तीन गोष्टी दिसत नाहीत. ती जागा मासेमारीसाठी खुली आहे का? तिथे उभं राहणं सुरक्षित आहे का? आणि पाण्यात परत सोडलेला मासा पुढे जगतो का? समजून घेऊ.

लूअर म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे गळ टाकणं नवीन नाही. गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावायची, दोरीला तरंगतं बूच बांधायचं आणि काठावर वाट बघत बसायचं. यात आमिष खरं असतं आणि ते खायला मासा स्वतः येतो.

लूअर म्हणजे खोटं आमिष. धातूची चमकती पट्टी, फिरणारं पातं असलेला ‘स्पिनर’, लहान माशाच्या आकाराचा प्लास्टिकचा तुकडा किंवा रबरासारखी मऊ अळी. यात खाण्यासारखं काहीच नसतं. ते पाण्यातून ओढत राहावं लागतं, तरच ते ‘जिवंत’ वाटतं. म्हणजे गांडुळाच्या गळात वाट बघायची असते, तर लूअरमध्ये सतत हात चालवावा लागतो.

‘लाइट’ म्हणजे किती हलकं?

साधारण दोन ते दहा ग्रॅमचं लूअर, सहा-सात फुटांचा लवचिक रॉड, लहान रीळ आणि बारीक पण मजबूत विणलेली दोरी. पाच ग्रॅम म्हणजे चहाच्या चमच्यातल्या साखरेएवढं वजन. इतकी हलकी वस्तू लांब फेकायची तर दोरीही बारीकच लागते.

याचा फायदा असा की वीतभर मासाही हाताला जाणवतो. तोटा असा की मोठा मासा लागला तर बारीक दोरीमुळे त्याला लवकर ओढता येत नाही. झुंज लांबते, मासा दमतो. हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरतो.

मासा खोट्याला का फसतो?

माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना डोक्यापासून शेपटीपर्यंत एक संवेदनशील रेषा असते. पाण्यातली बारीक थरथर तिला कळते. स्पिनरचं पातं फिरताना जी थरथर होते, ती माशाला एखादं लहान पिल्लू धडपडत पळतंय अशी वाटते. त्यात पात्यावर ऊन चमकलं की खवल्यांचा भास होतो.

वाहत्या पाण्यात माशाला विचार करायला वेळ नसतो. खाद्य समोरून वाहून जाण्याआधी पकडायचं असतं. म्हणून अनेक शिकारी मासे खडकाच्या आडोशाला थांबतात. तिथे प्रवाह मंद असतो, शक्ती वाचते आणि शेजारच्या वेगवान धारेतून खाद्य वाहत येतं. अनुभवी गळवाला म्हणूनच नदीच्या मधोमध लूअर फेकत नाही. तो खडक शोधतो आणि संथ व वेगवान पाण्याच्या सीमेवरून लूअर ओढतो.

कृष्णा-कोयनेत लूअरमागे कोण लागतं?

सगळेच मासे नाहीत. रोहू, मृगळ हे मुख्यतः शेवाळ, सडका पाला आणि तळातलं खाद्य खाणारे मासे. ते लूअरकडे सहसा बघतही नाहीत. लूअरमागे धावतात ते शिकारी. संथ पाण्यात, झाडोऱ्याजवळ दबा धरणारा मरळ. खोल डोहातला, मोठ्या तोंडाचा शिवडा. आणि खडकाळ, वाहत्या, ऑक्सिजन भरपूर असलेल्या पाण्यातला खडशी, म्हणजेच दख्खनचा महाशीर.

कोयना नदीतल्या माशांवरचा एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एका कोयनेतच ५८ जातींची नोंद आहे. म्हणजे ही नदी साधी नाही.

खडशी एवढा खास का?

या माशाचं शास्त्रीय नाव ‘टॉर खुद्री’. ब्रिटिश लष्करी अधिकारी कर्नल साईक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठा नदीतल्या माशावरून त्याची शास्त्रीय नोंद केली. त्यातला ‘खुद्री’ हा शब्द स्थानिक मराठी नावावरूनच घेतलेला आहे. जगभरचे गळवाले ज्या माशाच्या मागे असतात, त्याच्या शास्त्रीय नावात मराठी शब्द आहे.

खडशीला वाहतं पाणी आणि दगडगोट्यांचा तळ लागतो. पावसाळ्यात नदीला पाणी आलं की तो अंडी घालायला प्रवाहाच्या उलट दिशेने वर जातो. आपण ज्यांना ‘चढणीचे मासे’ म्हणतो, त्यात हा प्रवास करणाऱ्या अनेक जाती असतात. त्या वेळी माद्यांच्या पोटात अंडी असतात. चढणीला पकडलेली एक मादी म्हणजे फक्त एक मासा नव्हे, पुढची हजारो अंडीही.

सह्याद्रीच्या पलीकडे, रायगड जिल्ह्यातल्या महाडजवळ वाळण कोंड नावाचा डोह आहे. देवीच्या श्रद्धेपोटी तिथले गावकरी महाशीर मारत नाहीत. त्या डोहात आजही मोठे मासे दिसतात. नियम कागदावर नसला तरी पाळला गेला की मासा टिकतो, याचं हे उदाहरण.

साताऱ्यातली नदी आणि सांगलीतली नदी वेगळी का?

कृष्णा आणि कोयना दोन्ही महाबळेश्वरला उगम पावतात आणि कराडला प्रीतिसंगमावर भेटतात. नकाशावर ही एकच व्यवस्था दिसते. माशाच्या नजरेतून मात्र तिचे तुकडे झालेत.

वरच्या भागात कृष्णेवर धोम आणि कोयनेवर कोयना धरण आहे. कोयनेचं बरंच पाणी वीजनिर्मितीसाठी बोगद्यांतून पश्चिमेला कोकणाकडे जातं. खाली कराडजवळ ब्रिटिशकालीन खोडशी बंधारा आहे, पुढे टेंभूचा बॅरेज आहे आणि त्यानंतर सांगलीपर्यंत कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. या पाण्यावर ऊस उभा आहे, गावांच्या नळाला पाणी आहे. पण बंधाऱ्यामागे नदी थांबते. खडक बुडतात, तळाला गाळ साचतो आणि वर चढणाऱ्या माशाची वाट अडते.

थांबलेल्या पाण्यात कोण वाढतं? चिलापी. हा मूळचा आफ्रिकेतला मासा १९५२ मध्ये भारतात आणला गेला. संथ पाणी, कमी ऑक्सिजन, गाळ, त्याला सगळं चालतं. त्यामुळे सातारा जिल्ह्यातल्या वाहत्या, खडकाळ पट्ट्यात लूअरला जे लागेल, ते सांगलीच्या तुडुंब बंधाऱ्यात लागेलच असं नाही. गळाला काय लागतं यावरून ती नदी वाहते आहे की साचली आहे, याचा अंदाज येतो.

साचलेल्या पाण्याचा दुसरा धोका उन्हाळ्यात दिसतो. पाणी कमी, ऊन जास्त आणि त्यात सांडपाणी किंवा कारखान्यांचं दूषित पाणी मिसळलं की ते कुजवणारे जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन संपवतात. मासे वर येऊन तोंड उघडत राहतात आणि मरतात. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला होता. काठावर असे तडफडणारे मासे दिसले तर गळ टाकू नका आणि ते मासे खाऊही नका. फोटो काढा, वेळ आणि ठिकाण लिहा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवा.

कुठे गळ टाकता येत नाही?

कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. या संरक्षित हद्दीतल्या पाण्यात परवानगीशिवाय मासेमारी करता येत नाही. कोयनेच्या शिवसागर जलाशयाचा काठ कितीही मोहक दिसला तरी आधी वनविभागाकडे चौकशी करा. मासा परत सोडणार असाल तरी नियम बदलत नाही.

इतर धरणं आणि तलावांत मासेमारीचे हक्क बहुतेक वेळा मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. तिथले मासे त्यांच्या पोटापाण्याचे आहेत. बीज सोडायचा खर्च त्यांनी केलेला असतो. विचारून गेलं तर वाद होत नाही.

सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारणं तर १८९७ च्या ब्रिटिशकालीन कायद्यापासून गुन्हा आहे. यात मोठ्या माशासोबत पिल्लं, अंडी, खेकडे सगळंच मरतं.

मगर आणि अचानक येणारं पाणी

सांगली जिल्ह्यात भिलवडी, औदुंबर परिसरातल्या कृष्णेत मगरी आहेत. ही अफवा नाही. नदीकाठी माणसांवर हल्ले झालेले आहेत आणि जीवही गेले आहेत. मगर कायद्याने संरक्षित आहे आणि नदी हे तिचं घर आहे. थंडीत ती काठावर ऊन खात पडते. उन्हाळ्यात मादी काठावरच्या मातीत अंडी घालते आणि घरट्याजवळ आलेल्यावर धावून जाते.

म्हणून या पट्ट्यात पाण्यात उतरून लूअर फेकणं, अडकलेलं लूअर काढायला पाण्यात हात घालणं, पहाटे किंवा अंधारात एकट्याने काठावर बसणं, हे तिन्ही टाळा. मासे साफ करून आतडी तिथेच टाकू नका. त्या वासाने मगरीला त्या जागेची सवय लागते आणि उद्या तिथे धुणं धुवायला दुसरं कोणी येणार असतं.

दुसरा धोका पाण्याचा. धरणातून विसर्ग वाढला की खालच्या भागात पाऊस नसतानाही नदी चढते. ज्या खडकावर चालत गेलात, त्याच्याभोवती थोड्या वेळात पाणी येऊ शकतं. विसर्गाच्या सूचना बघूनच निघा आणि भोंगा ऐकू आला की सामान सोडून काठावर या.

सोडून दिला म्हणजे वाचला का?

‘पकडा आणि सोडा’ हे वाक्य रीलखाली छान दिसतं. पण मासा पाण्यात निसटला म्हणजे जगलाच असं नाही. लांबलेल्या झुंजीने तो थकतो. हवेत धरला की त्याचे कल्ले एकमेकांना चिकटतात आणि श्वास थांबतो. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. तोच थर त्याला जंतुसंसर्गापासून वाचवतो.

हे टाळणं अवघड नाही:

- तीन काट्यांच्या हुकाऐवजी एकच हुक वापरा आणि त्याचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करा.
- हात आधी ओले करा. माशाला वाळूवर किंवा तापलेल्या खडकावर ठेवू नका.
- हुक काढताना मासा शक्यतो जाळीत, पाण्यातच ठेवा. स्वतःचा श्वास रोखून धरा. तुम्हाला दम लागण्याआधी मासा पाण्यात गेला पाहिजे.
- सोडताना तोंड प्रवाहाच्या उलट दिशेने धरा. तो स्वतः पोहत जाईपर्यंत आधार द्या.
- मोठा खडशी मिळण्याची शक्यता असेल तर फार बारीक दोरी वापरू नका.
- पावसाळ्यात मासे चढत असताना गळ घरीच ठेवा.

गळवाल्यांच्या वहीने काय दाखवलं?

हा छंद नदीच्या कामालाही येऊ शकतो. लोणावळ्यात टाटा कंपनीच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महाशीरची पैदास होते. तिथली खडशीची पिल्लं अनेक राज्यांत गेली, कर्नाटकातल्या कावेरीतही सोडली गेली. हेतू चांगला होता.

कावेरीत मात्र स्वतःचा वेगळा, पाठीवर उंचवटा असलेला महाशीर होता. तिथल्या एका मासेमारी तळावर गळवाल्यांनी पकडून सोडलेल्या माशांच्या नोंदी ठेवल्या होत्या. संशोधकांनी १९९८ ते २०१२ या काळातल्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की एकूण मासे वाढत होते, त्यामुळे सगळे खूश होते. पण वाढत होता तो बाहेरून आलेला खडशी. कावेरीचा मूळ महाशीर कमी होत चालला होता. २०१८ मध्ये तो नामशेष होण्याच्या उंबरठ्यावरची जात म्हणून जाहीर झाला. आपल्या नदीचा मासा दुसऱ्याच्या नदीत संकट ठरला आणि ते कळलं गळवाल्यांच्या वहीमुळे.

कृष्णा आणि कोयनेसाठी अशी वही कोणीही सुरू करू शकतं. तारीख, नदीचा पट्टा, माशाची जात, अंदाजे लांबी, पाणी वाहतं होतं की साचलेलं आणि काहीच मिळालं नसेल तर तेही. दहा वर्षांनी धोम ते सांगली या पट्ट्यात कोणता मासा उरला आणि कोणता गेला, हे सांगायला शंभर रील्सपेक्षा अशी एक वही जास्त उपयोगी पडेल.