माशाचं ताट आधी बघा

धरणाच्या काठावर गळ टाकून बसणाऱ्यांची चर्चा बहुतेक वेळा आमिषाभोवतीच फिरते. कणकेत बडीशेप मळावी की व्हॅनिला इसेन्सचे थेंब टाकावेत, पेंड भाजून घ्यावी की कच्चीच, गांडूळ अख्खं ओवावं की तुकडा करून. यामागचा समज असा, की मासा सदा भुकेला आणि काहीही खाणारा. त्याला भुलवणारा वास सापडला की झालं, बाकीचं नशीब. माशाच्या तोंडाकडे नुसतं निरखून पाहिलं तरी हा समज डळमळतो. कटल्याचं तोंड वर वळलेलं असतं, कारण तो पृष्ठभागाजवळचे सूक्ष्म जीव गाळून खातो. रोहूच्या ओठांना झालरीसारखी कड असते आणि तो बहुधा मधल्या थरात चरतो. मृगळाचं तोंड खाली, तळातला कुजका पाचोळा चाळायला सोयीचं. तिघांच्याही जबड्यात दात नसतात, ते घशात असतात; जठरही नसतं, नुसतं गुंडाळलेलं लांबच लांब आतडं. मरळीचं सगळं उलट: जबडा दातांनी भरलेला, आतडं आखूड, कारण तिला मासे, बेडकं, किडे गिळायचे असतात. शेततळ्यात कटला, रोहू आणि मृगळ एकत्र सोडतात ते याच हिशेबाने, की तिघांची ताटं वेगळी आहेत. शेततळेवाल्याला पटलेली ही गोष्ट गळवाला मात्र विसरतो आणि एकच गोळा एकाच खोलीवर तासन्‌तास लटकवून ठेवतो.

तेव्हा आमिषाचा डबा उघडण्याआधी त्या पाण्यात, त्या आठवड्यात, माशाला आयतं काय मिळतंय ते पाहायला हवं. नदीवर झुकलेला उंबर पिकला असेल तर जागा शोधायची गरजच उरत नाही. फळ पाण्यात पडतं, डुबुक आवाज होतो, क्षणभर काही नाही, मग खालून एक भोवरा उठतो आणि फळ गायब. आपल्या नद्यांतला महसीर (साइक्स या अभ्यासकाने १८३९ मध्ये त्याला दिलेल्या शास्त्रीय नावातलं ‘खुद्री’ हे पद इथल्याच बोलीतून घेतलेलं आहे) किडे, शिंपले, लहान मासे खातो तशी पडलेली फळंही खातो. उंबरात किडे असतातच, म्हणजे एका घासात दोन पदार्थ. अशा झाडाखाली सुगंधी कणकेपेक्षा गळाला लावलेलं उंबरच जास्त भरवशाचं. झाड नसेल तर उथळ धारेतला एखादा चपटा दगड उलटून पाहावा. खालच्या ओल्या बाजूला तीन शेपट्यांचे चपटे किडे चिकटलेले असतात, वाळूचे कण जोडून केलेल्या नळीत राहणाऱ्या अळ्या असतात. वाहत्या पाण्यातले पुष्कळ मासे यांच्यावरच पोसतात. दगड पाहून झाला की जागच्या जागी तसाच पालथा ठेवावा, तेवढं सौजन्य त्या अळ्यांचं देणं लागतो.

पाहणं म्हणजे मात्र दिसेल त्याचा सोयीचा अर्थ लावणं नव्हे. उन्हाळ्यात हिरव्यागार तळ्यात भल्या पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडझाप करतात; लोकांना वाटतं, खायला आलेत. खरं तर रात्रभर शेवाळासकट सगळे जीव पाण्यातला प्राणवायू वापरत असतात, सूर्य नसल्याने नवा तयार होत नाही, आणि उजाडायच्या सुमारास तो सर्वांत कमी होतो. ते मासे गुदमरलेले असतात. त्यांच्यापुढे काहीही टाका, बघणारही नाहीत. पहिल्या मोठ्या पावसात वळगणीला चढणाऱ्या माशांचंही तसंच. ते ओढ्यात, खाचरात शिरतात ते मुख्यतः अंडी घालायला. पोट गाभोळीने भरलेल्या त्या माशांची झुंबड म्हणजे भुकेची खूण नव्हे, आणि तेव्हा त्यांना उचलणं म्हणजे पुढच्या वर्षीचे मासे आजच संपवणं.

यावर एक आक्षेप चोख आहे: आयतं अन्न मुबलक असेल तर मासा गळाला तोंड का लावेल? आक्षेप अर्धा खरा आहे. सूक्ष्म जीवांनी पाणी दाटलेलं असताना कटला गळावरच्या घट्ट गोळ्याला सहसा भीक घालत नाही. म्हणूनच जाणकार त्याच्यासाठी पाण्यात भुरभुर सुटणारं कोंड्या-पेंडीचं खाद्य वापरतात आणि गळ वरच्या थरात ठेवतात. त्याच्या खाण्याच्या सवयीची ती नक्कल असते. शिवाय मासे अन्नापाशी गोळा होतात. रिकाम्या पाण्यात उत्तम आमिष घेऊन बसण्यापेक्षा भरल्या ताटाशेजारी साधं आमिष टाकणं केव्हाही बरं.

ही जुन्या लोकांची बोलाचालीची विद्या आहे, शास्त्र नव्हे, असंही म्हणतात. पण शास्त्रही याच वाटेने जातं. १९५५ मध्ये नायर आणि सुब्रह्मण्यन या संशोधकांनी फ्रॅजिलारिया नावाच्या सूक्ष्म शैवालाचा संबंध तारलीच्या मुबलकतेशी जोडला होता: समुद्रात हे अन्न वाढलं की तारली येते. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था आज मच्छीमारांना कुठल्या दिशेला, किती अंतरावर मासे मिळण्याचा संभव आहे ते कळवते. तिचा आधार उपग्रहाने टिपलेलं पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्याचा रंग हाच, म्हणजे माशाच्या अन्नसाखळीची पहिली कडी. फक्त आभाळ भरून आलं की उपग्रहाला तो रंग दिसत नाही, आणि तेवढे दिवस सल्लाही येत नाही.