स्वप्नाला हवी कृतीची जोड

स्वप्ने सर्वच पाहतात; ती साकारतात मात्र मोजक्यांचीच. स्वप्नाची टप्प्याटप्प्याने आखणी करणे हे त्यामागचे एक महत्त्वाचे कारण होय. दादासाहेब फाळके यांचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे.

मुंबईत ‘लाइफ ऑफ ख्राइस्ट’ हा मूकपट पाहताना आपली पौराणिक पात्रेही पडद्यावर यावीत, असे त्यांच्या मनाने घेतले. तेव्हा त्यांनी चाळिशी गाठली होती आणि गाठीशी भांडवल नव्हते. त्यांनी आधी या तंत्राचा अभ्यास केला. विमा पॉलिसी गहाण ठेवून १९१२ साली लंडन गाठले, सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत चित्रीकरण पाहिले आणि विल्यमसन कॅमेरा खरेदी केला.

पुढचे पाऊल अधिक शहाणपणाचे होते. भांडवलासाठी नुसते शब्द पुरणार नव्हते. म्हणून त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी चित्रित केली. जेमतेम मिनिटभराच्या त्या चित्रफितीने पैसा उभा राहिला. पत्नी सरस्वतीबाईंनी कच्च्या फिल्मला छिद्रे पाडण्यापासून साथ दिली. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना, तेव्हा साळुंके नावाच्या तरुणाला उभे केले. अखेर ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला.

स्वप्न पाहणाऱ्याने म्हणूनच तीन प्रश्न कागदावर लिहावेत : काय शिकायचे आहे, खर्च किती, आणि येत्या महिन्यात दाखवता येईल असे पहिले छोटे काम कोणते? तिसऱ्याचे उत्तर सापडले, की स्वप्नाला अंकुर फुटला असे समजावे.