बुरशीला ‘खाली’ कुठे ते कळते का?

एटापल्लीत बसून भूछत्रांवर बोलायचे तर सात्यांपासूनच सुरुवात करावी लागेल. वारुळाच्या मातीतून सात्या उपटताना आपण पाहिले असेल, दांडा खाली मुळासारखा लांबत जातो. तो थेट वाळवीच्या घरट्यातल्या बुरशीपर्यंत पोचतो. म्हणजे ते कोवळे भूछत्र मिट्ट काळोखातून वर आलेले असते. उजेड नाही, डोळे नाहीत, मेंदू तर नाहीच. मग वर कुठे आहे हे त्याला सांगितले कोणी?

आम्ही तत्त्वज्ञानाची माणसे, ‘कळणे’ या शब्दापाशी जरा अडखळतो. म्हणून आधी काय घडते ते पाहू.

शेणावर उगवणारे नाजूक भूछत्र आडवे करून ठेवले, तर साधारण अर्ध्या तासात त्याचा दांडा वर वळू लागतो. स्नायू नाहीत; खालच्या बाजूच्या पेशी वरच्यांपेक्षा जास्त लांबतात, एवढेच. वाढणे हीच त्याची हालचाल. छत्रीखालच्या पातळ पात्या मात्र सरळ खाली लोंबतात. बीजाणू त्यांच्या फटीतून पडायचे असतात; पात्या कलल्या की ते शेजारच्या पातीला चिकटून वाया जातात. एकाच देहात दांडा वर, पात्या खाली! आणि जमिनीतल्या तंतूंना या कशाचेच सोयरसुतक नाही. अन्न चहूकडे असते, तेही चहूकडे पसरतात.

१९९३ साली कोलंबिया यानातून एनोकी नावाची आळिंबी अंतराळात नेली. तिथे ती उगवली, पण दांडे वाटेल त्या दिशेला वळले.

आता यंत्रणा. फायकोमायसीस या बुरशीचा उभा दांडा म्हणजे एकच लांब पेशी. तिच्यात प्रथिनांचे स्फटिक तळाशी बसतात, तर चरबीचे थेंब वर तरंगतात. त्या प्रथिनाचे जनुक मुळात जिवाणूंकडून आलेले, असे सिंगापूरच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवले. उसनवारीचा माल, पण कामाला आला! छत्रीवाल्या बुरशांत पेशीकेंद्रच वजनाचे काम करते, असे एक मत आहे.

यावर कोणी म्हणेल, हे तर नुसते वजन सरकणे झाले, यात कळणे कुठले? पण आपल्या कानाच्या आतही चुन्याचे बारीक कण असतात. मान कलली की ते सरकतात, म्हणूनच डोळे मिटूनही आपल्याला खाली-वर समजते. तेव्हा बुरशीत आणि आपल्यात फरक शोधायचा तर कण सरकल्यानंतर पुढे काय होते, तिथे शोधावा लागेल. आमच्या मते ‘कळणे’ हा शब्द बुरशीला द्यायला हरकत नाही; ‘जाणीव’ हा मात्र राखून ठेवावा.

जंगलात आडवा पडलेला ओंडका दिसला तर त्यावरच्या फळीसारख्या कडक बुरशा बघा. झाड उभे असताना आलेल्या आता उभ्या कडेवर दिसतील, पडल्यानंतरच्या जमिनीला समांतर. कधी एकाच बुरशीची जुनी कड उभी असते आणि नवी वाढ काटकोनात वळलेली. झाड आधी सडले की आधी पडले, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.