मुक्काम कातडी

संपादकांनी ‘नॅनो जेल’ एवढंच सांगून कर्जतला धाडलं. लावणी नुकतीच आटोपली होती. कर्जत-खालापुरात या दिवसांत बेचक्यांत चिखल्या आणि ओल्या कपड्यांखाली गजकर्ण ठरलेलंच. जेल कुणासाठी, हे विचारावं लागलं नाही.

तिथल्या एका फार्मसी कॉलेजात एम. फार्म.ची विद्यार्थिनी दुधट द्रवात ट्रायइथेनॉलअमाइनचे थेंब सोडत होती. बुरशीनाशक तेलात विरघळवून त्या तेलाचे शे-दोनशे नॅनोमीटरचे थेंब केलेले, वर रात्रभर पाण्यात फुगवलेला, जेल बांधणारा कार्बोपोल. आम्लपणा मोडताच सगळं घट्ट झालं. दही लागताना दिसत नाही, हे दिसतं.

नॅनोचा इतिहास मुंबईत जवळच आहे. केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी ॲम्फोटेरिसिन बी हे बुरशीनाशक लायपोसोममध्ये, म्हणजे मेदाच्या सूक्ष्म पिशव्यांत, बसवण्यावर काम केलं. ते मात्र शिरेतून द्यायचं. कातडी अधिक हट्टी. ५०० डाल्टनहून जड रेणू ती सहसा आत घेत नाही.

माझा दिवस खाल्ला तो औषध कातडीपार किती जातं हे मोजणाऱ्या फ्रांझ सेलने. टी. जे. फ्रांझ यांनी १९७५ साली मांडलेली ही काचेची जोडभांडी: वर जेल, खाली बफर, मध्ये खाटकाकडून आणलेली बकऱ्याची कातडी. बाहेरून कोमट पाणी खेळतं, तळाशी चुंबक गरगरतो. ठरल्या वेळी बाजूच्या नळीतून एक मिली काढायचं, तेवढंच ताजं भरायचं. कातडीखाली एक बुडबुडा अडकला की तेवढी जागा मुकी होते.

“सर, तिरकं करून काढावा लागतो,” ती म्हणाली आणि सेल कलता करून टिचकी मारत राहिली. तिसऱ्यांदा बुडबुडा सुटला.

मला खटकलं ते वेगळंच. सेल मोजतो ते पलीकडे गेलेलं औषध. गजकर्णाची बुरशी तर वरच्या मेलेल्या थरात राहते. औषधाने पलीकडे जाऊच नये, तिथे मुक्काम करावा. म्हणून शेवटी कातडी धुऊन, कापून, आत किती उरलं तेही काढावं लागतं. हा आकडा मला पलीकडे गेलेल्या औषधाच्या आलेखाहून मोलाचा वाटला.

पुढची वाट अवघड. थेंब महिन्यांनी एकमेकांत मिसळतात, जेल पातळ होतं. नॅनो औषधांसाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं २०१९ साली आली. त्यांप्रमाणे चाचण्या करायला कॉलेजची खोली पुरत नाही. तोवर गावात खपते ती स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब. खाज दोन दिवसांत थांबते, चट्टा पसरत राहतो. २०१८ साली सरकारने आणखी बरीच स्टेरॉइड मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकायच्या यादीत घातली. तरी गजकर्णाची ट्यूब घेताना तिच्यावर क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन लिहिलंय का, तेवढं वाचा, आणि असेल तर आधी डॉक्टरला दाखवा.