सरहद्दीलगतची नभोघटिका

अकोले, संगमनेर आणि पारनेर या अहिल्यानगर जिल्ह्यातील तालुक्यांना ज्याची सरहद्द भिडते, त्या जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या आपल्या ३० तबकड्यांनिशी, न्यूट्रॉन ताऱ्यांची रेडिओ-स्पंदने दप्तरी दाखल करीत आली आहे. सेकंदाला स्वतःभोवती शेकडो गिरक्या घेणाऱ्या त्यांतील काही ताऱ्यांची नियमितता इतकी इतबाराची, की स्पंदनांच्या आगमनात वर्षानुवर्षांच्या नोंदींतून जो अतिसूक्ष्म फरक उमटतो, तो गुरुत्वीय लहरींनी अवकाशाला दिलेल्या ताणाची साक्ष ठरू शकतो. मात्र एकाची साक्ष पुरत नाही, अनेकांचे जबाब परस्परांशी जुळावे लागतात. जून २०२३ मध्ये युरोपीय व भारतीय संशोधकांनी अशा लहरींचा पुरावा संयुक्तपणे मांडला, त्यात खोडदच्या नोंदी होत्या, याचा मला मनस्वी अभिमान वाटतो.