आडनावांची हॉकी

हॉकीचा विषय निघाला की आपल्या बेळगावात बंडू पाटलांचे नाव येतेच. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमधील सुवर्णविजेत्या संघात ते होते. पण वेड म्हणावे ते कोडगूचे! तिथे गावाचा नव्हे, आडनावाचा संघ उतरतो. आपण ज्याला मनेतन म्हणतो, त्याला कोडव लोक ओक्क म्हणतात. १९९७ मध्ये पांडंड कुट्टप्पा यांनी करडा गावी अशा घराण्यांची स्पर्धा भरवली, तेव्हा साठ संघ होते. २०२४ मध्ये नापोक्लूला ३६० झाले आणि गिनीज बुकात नोंद झाली. काका, पुतण्या आणि घरची लेक एकाच संघातून खेळतात. एम. पी. गणेश, सोमय्या, अर्जुन हालप्पा ही याच मातीतली माणसे.

आणि व्यावसायिक संघ? २०१२ च्या वर्ल्ड सीरिज हॉकीत हालप्पाचा कर्नाटक लायन्स होता. ती स्पर्धाच एका मोसमात आटोपली. २०१३ ला हॉकी इंडिया लीग आली, त्यात कर्नाटकाचा संघ नव्हता. २०१७ नंतर बंद पडलेली ही लीग २०२४ च्या डिसेंबरात परतली, शेजारचे हैदराबाद आणि तमिळनाडू आले, आपण नाहीच.

मला वाटते, नुसत्या वेडावर संघ उभा राहत नाही, पैसा ओतणारा धनी लागतो. ओडिशा सरकारने २०१८ पासून राष्ट्रीय संघालाच प्रायोजकत्व दिले. कोडगूला मात्र याचे फारसे सोयरसुतक दिसत नाही. २०२५ मध्ये मडिकेरीत मुद्दंड घराण्याच्या यजमानपदाखाली पुन्हा आडनावे भिडली.