सुकटीचे शास्त्रीय नाव

सुकट न शिजलेले घर आपल्या वस्त्यांत शोधून सापडायचे नाही. महिनाअखेर असते, भाजी महागलेली असते, बाहेर पावसाची झड लागलेली असते. अशा वेळी कांदा-लसणावर परतलेली वाटीभर सुकट आणि भाकरी एवढ्यावर सहा माणसांचे जेवण भागते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत डबा उघडताना मात्र हीच सुकट अनेकांनी कोपऱ्यात बसून खाल्ली आहे, कारण वासावरून माणूस जोखणारे आजूबाजूला असतात. ज्या जिनसीवरून आपल्याला नाक मुरडून दाखवले गेले, ती म्हणजे नेमका कोणता प्राणी, हे आपल्यापैकी कितीजणांनी निरखून पाहिले आहे?

नाशिकला समुद्र नाही. सुकट येते ती घाट चढून, मुंबई, वसई, सातपाटीकडच्या किनाऱ्यावरून. तेथील कोळी बांधव भरती-ओहोटीच्या प्रवाहात पिशवीसारखे डोल जाळे लावतात. प्रवाहाबरोबर वाहत आलेला जवळा त्यात अडकतो, मग तो उन्हात वाळवला जातो. मुंबईकडे त्याला जवळा म्हणतात, कोकणात कोलीम, गोव्यात गालमो, आणि वाळून आपल्याकडे आला की सुकट. बोंबीलही हाच जवळा खाऊन वाढतो. म्हणजे आपल्या ताटातले दोन्ही पदार्थ एकाच इवल्या जिवावर उभे आहेत.

एका प्राण्याला इतकी नावे असली की घोटाळा होतो. एकाच नावाखाली दोन वेगळे प्राणी विकले जातात, ते तर आणखी वाईट. म्हणून शास्त्रज्ञांनी जगभर चालेल असे एकच दुपदरी नाव देण्याची पद्धत घालून दिली. प्राण्यांच्या बाबतीत तिची सुरुवात 1758 पासून धरतात. जवळ्याला असे नाव मिळाले 1830 साली, पॅरिसमध्ये. आंरी मिल्न-एदवार या जेमतेम तिशीतल्या प्राणिशास्त्रज्ञाने गंगेच्या मुखाजवळून आलेले नमुने तपासले आणि ‘ॲसिटिस इंडिकस’ असे नाव दिले. इंडिकस म्हणजे हिंदुस्थानचा.

नुसते नाव देऊन भागत नाही, वर्णन लिहावे लागते. कोळंबी आणि खेकडा ज्या गटात येतात त्याला दशपाद म्हणतात, कारण त्यांना चालण्याच्या पायांच्या पाच जोड्या असतात. जवळ्याला मात्र तीनच! चौथी आणि पाचवी जोडी नाहीच. शिवाय त्या तीन जोड्यांच्या टोकांना डोळ्यांना न दिसणारे बारीक चिमटे असतात, आणि नराच्या मिशीचा एक फाटा मादीला धरून ठेवण्यासाठी आकड्यासारखा वळलेला असतो. दशपादांच्या घरात सहा पायांचा पाहुणा! जुन्या कुठल्याही कुळात हा बसणार नव्हता, म्हणून ॲसिटिस हे कूळच नवे करावे लागले.

(शास्त्राच्या मराठी पुस्तकांत ‘स्पीशीज’ला ‘जाती’ असाही शब्द वापरतात. आम्ही येथे ‘प्रजाती’ म्हणतो. तशी ही जातही जन्मानेच ठरते, पण तिच्यात कोणी उच्च नाही, कोणी नीच नाही.)

पुढे 1905 मध्ये जपानच्या किशिनौये यांनी तिकडच्या जवळ्याचे ‘ॲसिटिस जॅपोनिकस’ म्हणून वर्णन केले. 1917 साली कलकत्त्यात स्टॅन्ली केम्प यांनी इंडियन म्युझियममधला जवळ्यांचा संग्रह तपासला. 1975 मध्ये जपानचेच माकोतो ओमोरी यांनी या साऱ्या कुळावर मोठा ग्रंथ लिहिला. आज या कुळात डझनाहून अधिक प्रजाती मोजतात. त्या एकमेकींपासून ओळखायच्या तर मिशीचा आकडा, शेपटीचे टोक आणि नराच्या पहिल्या पोहण्याच्या पायाजवळचा एक नाजूक अवयव सूक्ष्मदर्शकाखाली ताडून पाहावे लागतात. हे काम डोळ्यांचे आणि चिकाटीचे आहे. घड्याळ दुरुस्त करणाऱ्याला किंवा बारीक जर भरणाऱ्या बाईला ते लगेच समजेल.

आज नवी प्रजाती जाहीर करायची तर एक नमुना ‘मूळ नमुना’ म्हणून ठरवून संग्रहालयात ठेवतात, म्हणजे उद्या कोणालाही तो पुन्हा तपासता यावा. भारतीय प्राणी सर्वेक्षण ही संस्था 1916 मध्ये कलकत्त्यात निघाली. तिचे पश्चिम विभागाचे केंद्र पुण्यात 1959 पासून आहे. वर्णन प्रसिद्ध करावे लागते. नाव देणाऱ्याजवळ अमुक पदवीच हवी, अशी अट मात्र नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत नाही. हे आम्ही मुद्दाम सांगतो.

आपल्याच राज्यातला एक दाखला पाहा. नागपूरला स्टीफन हिस्लॉप नावाचे मिशनरी होते. त्यांनी तिथल्या गोड्या पाण्यातले बारीक कवचधारी जीव गोळा केले आणि विल्यम बेअर्ड यांनी 1859 मध्ये लंडनला त्यांचे वर्णन छापले. त्यातला शिंपल्यासारख्या दोन झडपांचा, काही मिलिमीटरचा एक जीव आज ‘सायक्लेस्थेरिया हिस्लोपाय’ या नावाने ओळखला जातो. जगातल्या उष्ण प्रदेशांत सगळीकडे ही एकच प्रजाती आहे, असे दीडशे वर्षे मानले गेले. 2013 मध्ये आनुवंशिक तपासणीत निघाले की दिसायला सारख्या अशा त्या अनेक प्रजाती आहेत, आणि त्यांची ताटातूट डायनासोरांच्या काळापासूनची आहे. नियमाप्रमाणे मूळ नाव मूळ ठिकाणच्या जिवाकडे, म्हणजे नागपूरकडेच राहते. 2014 मध्ये क्रिस्टोफर रॉजर्स व समीर पाध्ये यांनी सह्याद्रीतल्या पावसाळी पाण्यात उताणा पोहणारा एक जीव ‘स्ट्रेप्टोसिफॅलस सह्याद्रिएन्सिस’ या नावाने शास्त्राला नवा म्हणून दाखवून दिला. पावसाळ्यात भरून उन्हाळ्यात आटणारी डबकी आपल्या जिल्ह्यातही काही कमी नाहीत.

मुला-मुलींनी रविवारी एवढे करावे. आई सुकट निवडायला बसली की वीस-पंचवीस दाणे मागून घ्यावेत, पाव तास कोमट पाण्यात भिजवावेत, पांढऱ्या बशीत पसरून भिंगाखाली ठेवावेत. वाळताना पाय मोडतात, म्हणून दाणे जास्त घ्यायचे. छातीखालचे लांब पाय मोजा. पुढची एक जोडी पायासारखीच दिसते, पण ती तोंडाची, ती धरायची नाही. पोटाखालचे पोहण्याचे पायही वेगळे. उरलेल्या जोड्या तीन आल्या, तर तो जवळा. डोक्यावर लांब दातेरी काटा असेल आणि पाय पाच जोड्या भरले, तर ती करंदी. मद्रासच्या हेंडरसन यांनी 1893 मध्ये तिचे वर्णन केले. तिचे नाव ‘टेनुइपेस’, म्हणजे सडपातळ पायांची. सुकटीत ती थोडीफार मिसळलेली असतेच.